नंदादीपाजवळची तबकडी

बाबांना देव्हाऱ्यातलं काही कळत नव्हतं आणि आईला ग्रामोफोनमधलं. एकमेकांचं ऐकायचं नाही, असं दोघांनी बहुतेक सप्तपदीतच ठरवून टाकलं असावं. तरी घर बरं चाललं होतं, कारण मध्ये माझी थोरली बहीण पद्मजा होती. ती गायला बसली की आई-बाबा एका खोलीत येऊन बसायचे आणि तेवढा वेळ भांडायचं विसरायचे.

पद्मजा विषमज्वरानं गेली. आजारी पडायच्या थोडं आधी मुंबईच्या एका कंपनीनं तिचं एक भावगीत मुद्रित करून घेतलं होतं. तबकडी बाजारात यायची होती. ती गेल्यावर कंपनीनं तो विचार सोडून दिला आणि नमुना म्हणून काढलेली एकुलती एक तबकडी आमच्या अंबरनाथच्या घरी पाठवून दिली. तेरावा होऊन गेला होता. बाबांनी ती लगेच लावली. पहिली ओळ सुरू झाली तशी आई उठून परसात गेली आणि गाणं संपेपर्यंत नळ सोडून उभी राहिली. तिला ऐकवत नव्हतं. आम्ही तिला परत बोलावलं नाही.

त्यानंतर बाबांनी ती पुन्हा लावलीच नाही. ते कारखान्यात फोरमन होते, सुताचा फरक पडला तरी माल परत पाठवणारे. “पोलादी सुई दर वेळी थोडा आवाज खरवडून नेते,” ते म्हणायचे. “वाजवाल तितकी झिजेल.” तबकडी दोन गुळगुळीत फळ्यांमध्ये आडवी, फळ्या ट्रंकेत, ट्रंकेला कुलूप. ट्रंकसुद्धा पश्चिमेच्या भिंतीपासून लांब, कारण ती भिंत दुपारची तापते. तबकडी कशाला टेकवून तिरकी ठेवायची नाही, वर ओझं ठेवायचं नाही, पावसाळ्यात बुरशी येते म्हणून अधूनमधून मऊ फडक्यानं पुसायची. इतकं मला कुणी जपलं नाही, असं मी एकदा बोलून गेले. बाबा हसले नाहीत. आईही नाही.

पद्मजाला जाऊन चार वर्षं झाली होती. घटस्थापनेच्या आदल्या दिवशी आई बाबांना म्हणाली, “अहो, नवरात्रात सरस्वती बसते. माझ्या पोरीची पूजा करते. तेवढी तबकडी द्या.”

बाबा बराच वेळ पानसुपारीचा डबा उघडत-मिटत बसले. शेवटी किल्ली काढली.

“वाजवायची नाही. एकदा ठेवलीस की हात लावायचा नाही.”

“नाही लावत,” आई म्हणाली. आणि आमची आई एकदा शब्द दिला की पाळणारी. तेच नडलं.

आमचा देव्हारा म्हणजे भिंतीतला कोनाडा. आईनं तिथं पद्मजाचा फोटो ठेवला, त्याच्या मागं तबकडी भिंतीला टेकवून उभी केली, तिला हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. शेजारी नंदादीप. तो नऊ दिवस विझू द्यायचा नसतो. बाबा देव्हाऱ्याकडे फिरकत नसत, आणि मी नमस्कार करायची तो डोळे मिटून, उरकल्यासारखा.

दसऱ्याला घट हलवले तेव्हा आईनं तबकडी पदरात घेऊन बाहेर आणली. ती भाजलेल्या पापडासारखी वेडीवाकडी झाली होती. दिव्याकडची कड खाली लोंबली होती.

बाबांनी ती हातात घेऊन उजेडाला धरली. मग एकदम ओरडले, “नऊ दिवस तुला दिसलं नाही?”

“पाचव्या माळेला दिसलं.”

“आणि उचलली नाहीस?”

“घट बसले होते. देव उठायच्या आत देव्हाऱ्यातलं काही हलवतात का? आणि हात लावू नकोस, हे तुम्हीच म्हणाला होतात.”

“अगं, लाखेची तबकडी आहे ती, देव नाही! एवढी जपली मी, आणि तू तिला देव करून बसलीस!”

“तुम्ही तिला कुलपात घातलीत,” आई म्हणाली. तिचा आवाज मुळीच चढला नव्हता. “मला तिचा आवाज आठवत नाही हो. तोंड दिसतं, वेणी दिसते, हाका मारायची तेसुद्धा दिसतं. आवाज येत नाही. कुणाला सांगू? तुम्ही ऐकू देईनात, म्हणून पूजा केली.”

मला त्या वेळी दोघांचाही इतका राग आला की मी शिलंगणाला गेलेच नाही.

दुसऱ्या दिवशी बाबा तबकडी फडक्यात गुंडाळून उल्हासनगरला गेले. तिथं कॅम्पात चेलाराम म्हणून एका सिंधी माणसाचं ग्रामोफोनचं दुकान होतं. त्यानं ती हातातसुद्धा घेतली नाही. “साहेब, ये लाख का माल है. काच पे रखो, धूप दो, अपने वजन से बैठने दो. हातानं दाबू नका, तुटेल. और मेरे से गॅरंटी मत मांगो.”

बाबांनी जाड काचेचे दोन तुकडे आणले. तबकडीच्या रेघांत कुंकू भरलं होतं ते आधी काढायला हवं होतं. मी स्पिरिटची बाटली घेऊन आले तर ते अंगावरच आले, “लाख विरघळते त्यानं!” शेवटी आईनंच ओल्या, पिळलेल्या मलमलीनं रेघेरेघेतून कुंकू टिपून काढलं. स्वतःच्या हातानं लावलेलं कुंकू ती पुसत होती. मला तिथं उभं राहवेना.

ऑक्टोबरचं ऊन होतं. अंगणात काच, काचेवर तबकडी. वाळवणाची राखण करावी तसे दोघं दोन बाजूंना पाट टाकून बसले. पद्मजा गेल्यापासून इतका वेळ एकत्र बसलेलं मी त्यांना पाहिलं नव्हतं. लाख मऊ होऊन हळूहळू काचेवर बसायला लागली तशी बाबांनी वरून दुसरी काच ठेवली, आणि दोघांनी ते सगळं अलगद सावलीत नेलं. आईनं घोंगडी घडी करून काचेवर घातली, मग स्वयंपाकघरातला पाटा आणून त्यावर ठेवला. पूर्ण निवेपर्यंत कुणी हलवायचं नाही, हे या वेळी बाबांनी सांगितलं. आईनं मान हलवली.

तबकडी सपाट निघाली, निदान डोळ्यांना. बाबांनी नवी सुई घातली, किल्ली दिली आणि म्हणाले, “ये, बस.”

आई परसात गेली नाही. जमिनीवर बसली, गुडघ्यांना मिठी मारून.

गाणं सुरू झालं. तबकडी फिरली की सुई जराशी वर चढायची आणि खाली उतरायची, आणि त्याबरोबर सूर हलायचा. दर फेऱ्याला आवाज बुडायचा आणि पुन्हा वर यायचा. मधल्या एका कडव्यात तर शब्दच लागत नव्हते, नुसती घरघर. दिव्याची धग तिथं जास्त लागली असणार. आईनं सगळं ऐकलं. डोळ्यांतून पाणी आलं नाही. ती विचार करत होती.

संपल्यावर तिनं विचारलं, “असाच होता का हो तिचा आवाज?”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी आठवू लागले. तंबोऱ्यावरचा तिचा हात आठवला, माझी कणसुरी तान ऐकून वेडावणं आठवलं. आवाज काही केल्या येईना. यातलं हलणं किती लाखेचं आणि किती पद्मजाचं, मला सांगता येईना. बाबांच्या तोंडाकडे पाहिलं तेव्हा कळलं, त्यांनाही येत नव्हतं. बाबांनी तबकडी चार वर्षं जपून ठेवली होती आणि आमच्याजवळ काहीही उरलं नव्हतं.

“हो,” बाबा म्हणाले. “अगदी असाच.”

आईचा चेहरा सैल झाला. “मग परत लावा.”

बाबांनी परत लावली. मग रोज लावली. सुई आवाज खाते, हे त्यांनी पुन्हा कधी तोंडातून काढलं नाही. वर्षभरात तबकडी इतकी खरखरू लागली की लावण्यात अर्थ उरला नाही, पण तोवर आईला गाणं पाठ झालं होतं. भाकऱ्या थापताना ती ते गुणगुणायची. तबकडीनं शिकवलं होतं तसंच, दर ओळीत खाली बुडून वर येत, आणि त्या कडव्यात शब्द सोडून. बाबा वर्तमानपत्र मांडीवर ठेवून ऐकत राहायचे. चुकतंय असं तिला कुणी सांगितलं नाही. बरोबर काय होतं, ते आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं.