स्लोनच्या अंगणातले काउबॉय

डेल्फा टिबेट्सला स्लोनच्या पार्टीला जायचंच नव्हतं. शेजारचं रँच विकत घेतल्यापासून त्या माणसानं एकही गाय पाळली नव्हती, पण फाटकावर बैलाची कवटी मात्र मोठ्या हौसेनं टांगली होती. आता काउबॉय परंपरेचा सन्मान करायचा म्हणून त्यानं वायोमिंगमधले झाडून सगळे हौशे गोळा केले होते. धाकट्या भावाची, ओरिनची, उभी हयात गुरांमागे गेलेली, म्हणून त्याला खास आमंत्रण होतं. त्याला सोबत म्हणून ती गेली.

अंगणात नजर टाकताच तिचं तोंड कडू झालं. करकरीत टोप्या, इस्त्रीच्या जीन्स, शेण कधी न पाहिलेले बूट. एक दंतवैद्य कमरेला खेळण्यातलं पिस्तूल लावून मिरवत होता. बसायला गवताचे गठ्ठे मांडले होते, पण गवत टोचतं म्हणून बायकांनी त्यांवर चादरी अंथरल्या होत्या. सोंगं मेली, ती मनात म्हणाली.

ती सरबत घेऊन येते तो ओरिनभोवती घोळका जमलेला. आपला अर्धा उरलेला अंगठा नाचवत, बाकीचा दरोडेखोराच्या गोळीनं कसा उडाला, ते तो तिखटमीठ लावून सांगत होता.

डेल्फाला राहवलं नाही. "दोरात गेला तो," ती म्हणाली. "वासराला फास टाकला, आणि दोर खोगिराच्या खुंटाला गुंडाळताना अंगठा मध्ये आला. मीच फडक्यात बांधून दवाखान्यात नेलं याला."

मग स्लोन म्हणाला, "आजी, त्यापेक्षा दरोडेखोरच बरा होता हो." सगळे हसले. ओरिनही हसला.

तिनं त्याला बाजूला ओढलं आणि या विदूषकांपुढे माकडचेष्टा करायची लाज नाही वाटत का, म्हणून झापलं.

"वाटते की," तो म्हणाला. "पण इतक्या वर्षांत या अंगठ्याबद्दल मला कुणी काही विचारलंच नव्हतं. तूसुद्धा नाही."

तिनं ट्रकची किल्ली काढली. घरी चल म्हणाली, तर तो परत गठ्ठ्यावर जाऊन बसला. ती एकटीच ट्रक घेऊन निघाली.

तेव्हापासून ओरिन दर शनिवारी तिकडे जातो आणि गुरांना चारा ती एकटी घालते. स्लोन रस्त्यात दिसला तर ती मान वळवते. भावाशी बोलते, पण स्लोननं भेट दिलेली करकरीत काउबॉय टोपी डोक्यावर असली, तर त्याला ताटावर बसू देत नाही.