न धुतलेला पंप

धांदलराव हे काही त्याचं खरं नाव नव्हे, पण आता आईसुद्धा त्याच नावाने हाक मारायची, तेव्हा खऱ्याची चौकशी कशाला! शेजारच्या काकूंकडून मागून नेलेली वस्तू त्याच्या हातून धड परत गेली, असं कधी झालंच नव्हतं. कुदळीचा दांडा गेला, शिडीची पायरी गेली. काल मात्र फवारणीचा पंप त्याने न मोडता परत केला आणि घरी येऊन छाती फुगवली.

सकाळी चहा ओतता ओतता बायकोने विचारलं, "पंप धुऊन दिलात ना हो?"

कप हातातच राहिला. बांधावरचं गवत मारायला त्याने पंपात तणनाशक भरलं होतं, आणि थोडं तळाशी तसंच उरलं होतं. त्याच पंपाने काकू आज टोमॅटोवर औषध मारणार होत्या! एकट्या बाईने पोटच्या पोरासारखी वाढवलेली, फुलावर आलेली रोपं करपून गेली असती.

तो चप्पल न घालताच पळत सुटला. काकू शेतात होत्या, पाठीवर पंप, कानांवरून फडकं घट्ट बांधलेलं. अर्धं शेत ओलं झालेलं.

"काकू, थांबा! अहो, थांबा!"

त्यांना ऐकूच येईना. त्याने जाऊन नळीच धरली. "पंपात तणनाशक होतं. मी धुतला नाही. काकू, मी तुमचं वाटोळं केलं हो!"

काकूंनी फडकं खाली ओढलं. "ते होय? झाकण उघडलं तशी वास आला. साबणाने घासून घासून धुतला."

"खरंच?"

"तुझ्याकडून आलेली वस्तू मी तपासल्याशिवाय वापरते होय रे?"

देवा, वाचलो! तो मटकन खाली बसला आणि हसता हसता डोळे पुसू लागला.

"एवढं असून मला देता तरी कशाला?" त्याने विचारलं.

"मोडतोस, पण लपवत नाहीस. पळत येऊन सांगतोस." काकूंनी त्याच्याकडे निरखून पाहिलं. "आता ऊठ बघू. औषधाने एक रोप मेलं नाही, पण तुझ्या बुडाखाली दोन गेली."