मालगाडीवाली लेक

"बघ, बघ तिचं! मायच्या दारावरून जीप गेली, पर हात सुदिक बाहीर काढला न्हाई," चतुराबाई उंबऱ्यातूनच सुनेवर कडाडली. "वरीसभरानं आली लेक, अन् ती बी आधी शाळेत!"

"आत्याबाई, शाळेनंच बोलावलंय त्यांना," मनिषा हळूच म्हणाली. "पोरींना सांगायला, की मोठं कसं व्हायचं."

"मोठं कसं करायचं ते मला इचारा म्हणावं!" चतुराबाईनं डोक्यावर पदर ओढला आणि चुडावा गावच्या त्या एकुलत्या डांबरी रस्त्यानं तरातरा शाळा गाठली.

तिची धम्मशीला रेल्वेत मालगाडी चालवते. गावातल्या बाप्यांनाही हे अजून नीट पचलेलं नव्हतं.

शाळेच्या व्हरांड्यात पोरी ओळीनं बसल्या होत्या. माणिकराव गुरुजींनी लगबगीनं खुर्ची पुढे केली. "पाव्हण्यायला द्या खुर्ची. मी गावातली हाय," म्हणून चतुराबाई मागं भिंतीला टेकून खालीच बसली.

माईकवर धम्मशीला पुस्तकातल्यासारखं बोलत होती. "मुलींनो, माझ्या घरात कुणाला अक्षर येत नव्हतं. वाट दाखवणारं कुणी नव्हतं. मी एकटीनं स्वप्न पाहिलं आणि एकटीनं ते पूर्ण केलं."

"एकटीनं म्हणं!" चतुराबाई पुटपुटली. पुढच्या दोघी फिसकन हसल्या.

त्या काळी शाळेत नाव घालायचं, तर लेकराचा उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला पोचावा लागे. लहानपणी चतुराबाईचा स्वतःचा पोचला नव्हता. गुरुजी म्हणाले, पुढच्या साली आण. पुढच्या साली तिच्या हाती दुसऱ्यांच्या शेळ्या होत्या. पुढं लेकीला, धम्मीला घेऊन आली तेव्हा पोरीचं बोटही कानापासून दोन बोटं अलीकडेच थांबलं. तेव्हा चतुराबाईनं पदराआडून अंगठ्यानं पोरीचं डोकं असं काही कलतं केलं, की कानच चालत बोटाकडं आला. "टेकला की हो!" ती अशा आवाजात बोलली, की गुरुजींची पुन्हा बघायची छाती झाली नाही.

"मालगाडी जागच्या जागी थांबत नाही," धम्मशीला सांगत होती. आता तिचा आवाज निवला होता. "धुक्यात सिग्नल दिसत नाही. हात घाई करायला बघतो, त्याला धरून ठेवावं लागतं. गाडी कोसभर आधीच मनात थांबवावी लागते."

थंडीतलं कोवळं ऊन चतुराबाईच्या पायांवर येऊन बसलं होतं. तिचे डोळे मिटले. धुकं आलं. फुटलेल्या कापसानं रान पांढरं झालेलं. कुठं कापूस संपतो आणि कुठं धुकं सुरू होतं, कळेना. त्या पांढऱ्यातून ती स्वतःच चालली होती, उंच बसून, मागं डब्यांची न संपणारी रांग घेऊन. वाटेतलं कुणी तिला 'कुणाची गं तू' असं विचारत नव्हतं. दूर पूर्णा स्टेशनाकडं एक हिरवा दिवा नुसता तरंगत होता, आणि ती त्याच्याकडं मुळीच घाई न करता जात होती.

"मॅडम, एक इचारू?"

चतुराबाईचे डोळे खाडकन उघडले. तो तिच्या नातीचा, संघप्रियाचा आवाज होता. मनिषाची ही दहावीतली लेक सख्ख्या आत्याला चारचौघांत मॅडम म्हणत उभी होती.

"मला पुढं परभणीला शिकायचंय. वसतिगृहात राहून. पण घरी नको म्हणतात."

"कोण नको म्हणतं?"

"आजी."

सगळ्या माना मागं वळल्या. धम्मशीलानं माईक खाली ठेवला. पुस्तकातली भाषाही त्याच्यासोबत खाली राहिली.

"कामून नको म्हणायलीस, माय?"

"कामून म्हंजी?" चतुराबाई बसल्या जागेवरून म्हणाली. "एक दिली की रेल्वेला. रानात येचणी करताना जी मालगाडी जाईल तिच्याकडं बघायले मी. ह्यातली मपली कोणती, कसं कळावं?"

धम्मशीला टेबलामागून पुढं आली.

"मी बी बघती, माय. चुडावा आलं की बघती. पर रानात समद्या बाया वाकलेल्या असत्यात. त्यातली तू कोणती, मला बी कळत न्हाई."

चतुराबाईनं मान दुसरीकडं फिरवली. समोर संघप्रिया अजून उभीच होती. ना रडत होती, ना खाली बसत होती. गुरुजींनी दोनदा खुणावलं, तरी पोरगी बसेना. हा हट्ट कुणाच्या रक्ताचा, हे सांगायला गावात कुणाची गरज नव्हती.

भिंतीला हात लावून चतुराबाई सावकाश उठली. पोरींच्या ओळींमधून थेट टेबलापर्यंत गेली आणि लेकीसमोर उभी राहिली.

"धम्मे, लेक म्हून तू लय वाईट हाईस. डायवर मातर चांगली हाईस, ऐकलं मी. घरात आनिक एक वाईट लेक झाली तरी सोशीन. परभणीला न्ये हिला."