ऊ दे!

चौतीस वर्षं मी ट्रक चालवला. घाटात ब्रेक गेलेत, धुक्यात रस्ता गेलाय, एकदा तर डुलकीत अर्धा मैल गेलो आणि जागा झालो तर गाडी आपली सरळ चालली होती. पण माझी खरी हवा कधी निघाली विचाराल तर एका मंगळवारी, सकाळी दहा ते दुपारी एक. आणि ती काढली सतरा महिन्यांच्या माझ्या नातीनं.

नातीला मी भोंगा म्हणतो. तिच्या आईला आवडत नाही, पण पोर एकदा तिसऱ्या मजल्यावर सुरू झाली की खालचा वॉचमन वर बघतो. दुसरं काय म्हणणार?

माझी लेक नकाशे काढते. घरांचे नाही, कारखान्यांचे. पाइप कुठून कुठं जाणार, वळणार कुठं, असले. पोर झाली आणि काम सुटलं. जुन्या साहेबानं तिची जागा धरून ठेवली होती, पण अट घातली की एक परीक्षा पास हो. ती घरीच बसून कॉम्प्युटरवर द्यायची, तीन तास, समोर कॅमेरा चालू. कॅमेऱ्यात दुसरं माणूस दिसलं की परीक्षा बाद. खुर्ची सोडून उठलं की बाद.

पहिल्यांदा बसली तेव्हा जावयानं सांभाळायचं कबूल केलं होतं. वीस मिनिटं राहिली असताना भोंगा दारावर डोकं आपटून रडायला लागली आणि लेक उठली. झालं, बाद.

"आता दुसरी आणि शेवटची, बाबा," लेक म्हणाली. "तिसरी देत नाहीत. आणि महिना संपला की ती जागा दुसऱ्याची."

खरं तर यायची होती आमची ही. हिनं पाच पोरं वाढवलीत, आमची तीन आणि नणंदेची दोन. पण नेमकी हिची कंबर धरली आणि मला आठ दिवस आधी पाठवलं, पोरीला सवय व्हावी म्हणून. निघताना पलंगावरूनच म्हणाली, "गाडी नाही ती. चावी काढली म्हणून बंद पडणार नाही."

मी म्हटलं, "तीन पोरांचा बाप आहे मी."

"हो ना. ऐकून आहे मी."

बरोबरच होतं तिचं. मी घरी यायचो तेव्हा पोरं झोपलेली, निघायचो तेव्हा झोपलेली. उभी पोरं मी फोटोतच जास्त बघितली.

तर मंगळवार. पावणेदहाला लेकीनं नाटक केलं. खांद्याला पिशवी लावली, भोंग्याला टाटा केला, दार लावून बाहेर गेली. मी पोरीला मोरीत नेऊन नळ दाखवला, तेवढ्यात लेक चपला हातात घेऊन मांजरासारखी परत आली आणि आतल्या खोलीत गेली. म्हणजे पोरीच्या हिशेबानं आई बाहेर, आणि खरं बघितलं तर आई दहा पावलांवर. हे पोरीला कळलं की सगळं संपलं. गॅलरीसुद्धा त्याच खोलीतून, म्हणजे रोज आम्ही दोघं जिथं खालच्या गोदामाच्या गाड्या बघत उभे राहायचो तीही आज बंद.

फ्रिजवर लेकीनं कागद चिकटवला होता. दहा ते साडेदहा ठोकळे. साडेदहा ते अकरा डबे आणि झाकणं. मग पाण्याची बादली आणि पेला. मग केळं. मग झोप. वाचून मी म्हटलं, वा, हे तर स्टेशनचं टाइमटेबल झालं, आपल्याला फक्त गाडी हाकायची.

ठोकळे चार मिनिटांत संपले. मी एकावर एक ठेवले, तिनं लाथ मारली. पुन्हा ठेवले, पुन्हा लाथ. तिसऱ्यांदा मी ठेवत होतो तर ती निघून गेलेली. डबे सहा मिनिटं. बादली बरी चालली, पण पेल्यातलं पाणी तिला बादलीत नको, माझ्या कानात हवं. दहा वाजून पंचवीस मिनिटांनी अख्खा कागद उरकला होता. झोप सोडून. झोपेचं नाव काढलं तर माझ्याकडं असं बघितलं, जसं काही मी तिच्याकडं कर्ज मागितलंय.

मग मी माझ्या डोक्यानं सुरू केलं. टोपी लपवली, काढली. मिशी ओढू दिली. कपडे वाळत घालायचे चिमटे बोटांना लावून खेकडा केला, तर ती खेकड्याला घाबरली. जुना पेपर फाडायला दिला, तर फाडण्याऐवजी खायला लागली आणि तोंडात बोट घालून मला तो काढावा लागला. बोटाला दात लागले ते वेगळं. घड्याळात बघितलं, पावणेअकरा. मला वाटलं बंद पडलंय. कानाला लावून बघितलं.

आणि तेव्हा तिनं ते काढलं.

"ऊ दे."

"काय, बाळा?"

"ऊ दे! ऊ दे!"

ऊ दे म्हणजे दूध दे, एवढं कुणालाही कळेल. दूध कोमट केलं, बाटलीत भरलं. तिनं बाटली भिरकावली. कोचाखाली गेली, मी आडवा होऊन काढली.

"ऊ दे!"

"अगं, हेच तर ऊ आहे."

"ऊ दे!"

मग मला वाटलं ऊन म्हणत असेल. खिडकीशी नेलं. नाही. उशी? उशी दिली, उशीवर बसून रडली. उंदीर? कापडाचा एक उंदीर होता तिचा, कपाट उपसून तो शोधला. त्याला शेपटीला धरून तिनं माझ्या थोबाडात मारला.

"ऊ दे!"

"आता काय खरीखुरी ऊ देऊ तुला?" मी म्हटलं. "टक्कल आहे माझं. कुठनं आणू?"

हसायची गोष्ट नव्हती. ती तापत चालली होती. खालचा ओठ बाहेर आला, नाक लाल झालं. गाडीचं इंजिन तापलं की काटा कसा हळूहळू वर जातो, तसं. आणि एकदा का तो वर गेला की ती कुठं पळणार हे मला माहीत होतं. आई घरात नसताना ती त्याच दाराशी जाऊन बसते. आतमध्ये माझी लेक मान खाली घालून बसलेली. तिला हा सगळा ऊ दे, ऊ दे ऐकू जात असणार, आणि तिला त्याचा अर्थही माहीत असणार. दहा पावलांवर उत्तर होतं आणि मला विचारायची सोय नव्हती.

घरी हिला फोन लावला.

"ऊ दे म्हणजे काय?" कुजबुजलो.

"काय दे?"

"ऊ! ऊ!"

"शुद्धीवर आहात ना? पोर कुठंय?"

पोर कुठंय बघायला वळलो तर ती डब्यातलं पीठ अंगावर घेत होती. फोन ठेवला. पीठ झाडलं, अंग पुसलं, कपडे बदलले. दोन हात एका बाहीत गेले, ते काढले. घाम माझ्या पाठीवरून खाली चाललेला. त्या क्षणी मला कुणी विचारलं असतं ना, की पोरीला घेतोस का दहा टन लोखंड भरून रिव्हर्समध्ये घाट चढतोस, तर मी चावी मागितली असती.

पावणेबाराला खालून आवाज आला. पीं, पीं, पीं. गोदामात ट्रक मागं घेत होते.

भोंगा ताठ झाली. डोळे एवढे मोठे. उजवा हात वर केला, पंजा आपल्याकडं हलवायला लागली आणि ओरडली, "ऊ दे! ऊ दे! ऊ दे!"

तेव्हा माझी ट्यूब पेटली.

येऊ दे! ट्रक मागं घेताना जे ओरडतात ते. येऊ दे, येऊ दे, बास! आयुष्यभर ओरडलो मी ते. आणि गेले आठ दिवस संध्याकाळी गॅलरीत ह्या पोरीला कडेवर घेऊन, खालच्या ड्रायव्हरला नको असताना, सवयीनं ओरडत होतो. मला स्वतःला पत्ता नाही. माझाच शब्द, आणि मी तो दुधात नि उंदरात शोधतोय.

पण कळून उपयोग काय? ट्रक बघायला गॅलरी, आणि गॅलरी आईच्या खोलीतून. भोंगा निघालीच दाराकडं, तुरुतुरु. मी काही विचार केला नाही. तिच्यापुढं जाऊन धाडकन गुडघ्यांवर बसलो, चारी पायांवर झालो आणि तोंडानं पीं पीं करत मागं सरकायला लागलो.

ती थांबली. बघितलं. मग असं हसली की मला भडभडून आलं.

"ऊ दे!"

"येतो मालक, येतो."

ती झाली क्लीनर, मी झालो ट्रक. क्लीनर खरं तर गाडीच्या मागं उभा राहून रस्ता दाखवतो. ही माझ्या तोंडासमोर उभी, मागचं काही दिसत नसताना हात हलवणार. आणि त्याहून वाईट म्हणजे तिला 'येऊ दे' येत होतं, 'बास' येत नव्हतं. भिंत लागली तरी ऊ दे. कोचाची धार कमरेत बसली तरी ऊ दे. थांबलो की ओठ बाहेर. म्हणून मी आपला वळायचो आणि पुन्हा मागं. बाहेरची खोली, बोळ, स्वयंपाकघर, बोळ, बाहेरची खोली. गुडघ्यांची सालं निघाली. सहासष्ट वर्षांचे गुडघे ते, त्यांना मागं जायची सवय नाही. पण घड्याळ पहिल्यांदा पळत होतं. बारा. बारा दहा. बारा वीस. मी मनात म्हणत होतो, चाळीस मिनिटं फक्त, मग मेलो तरी चालेल.

आणि बोळात वळताना अंदाज चुकला.

मागं काहीतरी लागलं आणि ते सरकलं. भिंत सरकत नाही. गार वारा पाठीला लागला. मान वाकवून काखेखालून बघितलं तर टेबलाचे पाय, खुर्चीचे पाय, आणि लेकीचे पाय. आतून कडी लागलीच नव्हती आणि मी कमरेपर्यंत परीक्षेत शिरलो होतो.

टेबल दाराच्या अगदी बाजूला. उभा असतो तर अख्खा दिसलो असतो. खाली होतो म्हणून अजून दिसत नव्हतो, पण एक वीत आणखी मागं गेलो तर पाठ दिसणार. आणि समोर क्लीनर पूर्ण रंगात.

"ऊ दे! ऊ दे!"

माझ्या धडानं दार भरलं होतं म्हणून तिला आई दिसत नव्हती. मी हललो की दिसणार. न हलावं, तर ती माझ्यावरनं चढून येणार. एक पाय माझ्या खांद्यावर ठेवलाही होता.

काखेखालून पुन्हा बघितलं. लेकीची मान स्क्रीनकडंच. पण डावा हात टेबलाखाली आला. पंजा उघडा, माझ्याकडं. थांब. मग बोटं दाराच्या दिशेला झुकली. थोडं पुढं. मग उजवीकडं. लहानपणी सुट्टीत एकदाच माझ्याबरोबर गाडीवर आली होती ती, नऊ वर्षांची, चार दिवस. मला वाटलं होतं सगळा वेळ झोपली. एवढं सगळं कधी बघितलं पोरीनं?

तिचा हात सांगेल तसा मी पुढं गेलो. खांद्यानं भोंग्याला ढकलत, इंचाइंचानं. पंजा पुन्हा. थांब. आता डावीकडं. उंबऱ्याबाहेर आलो, पायाच्या अंगठ्यानं दार ओढलं आणि त्याला पाठ लावून बसलो.

भोंगा खवळली. गाडी पुढं गेली होती, तिनं न सांगता. तिनं तोंड उघडलं, छाती भरून घेतली. तो आवाज निघायच्या आत मी तिला काखोटीला मारलं, स्वयंपाकघरात पळालो, दार लावलं आणि फरशीवर पडून म्हटलं, "घे, मालक. कुठं लावायची गाडी?"

चाळीस मिनिटं. ओट्यापासून फ्रिजपर्यंत आणि फ्रिजपासून ओट्यापर्यंत. शेवटी शेवटी मी मागं जात नव्हतो, नुसता पोटावर पडून पीं पीं करत होतो आणि ती माझ्या टकलावर हात आपटत होती.

एक वाजून पाच मिनिटांनी लेक आली. भोंगा तिला चिकटली ती चिकटलीच, माझ्याकडं ढुंकून नाही.

"कसा गेला?" मी खालूनच विचारलं.

"शेवटचा नकाशा अर्धा राहिला."

"माझ्यामुळं?"

माझी लेक खोटं बोलत नाही. थोडा वेळ पोरीच्या केसातलं पीठ काढत राहिली. "हो," म्हणाली. "हात टेबलाखाली होता ना. पण दिसला नाहीत, बाबा. कुणीच दिसलं नाही. उठा, गुडघे बघू."

तिनं औषध लावलं, मी चुळबुळ केली नाही. दुसऱ्या दिवशी घरी आलो. हिची कंबर सुटली होती, आता माझं सगळंच धरलेलं. बारा दिवस आम्ही दोघं फोनकडं बघत बसलो. जेवताना ही दोनदा म्हणाली, "अर्धाच राहिला ना? अर्धा तर काढला." मला रोज रात्री तो टेबलाखालचा हात दिसायचा, नकाशा सोडून माझ्यासाठी आलेला.

तेराव्या दिवशी फोन वाजला.

"बाबा, तुम्ही येताय ना?"

"पास का नापास, ते बोल आधी."

"सोमवारपासून कामाला जायचंय मला," लेक म्हणाली. "नऊ ते सहा. पोरीला कोण बघणार?"

मागून भोंगा काहीतरी ओरडत होती. ऐकू आलं, पण मी ऐकलं नाही असं केलं. गुडघ्यांवरची खपली अजून निघायची होती. ही माझ्याकडं बघत होती, मी हिच्याकडं.

"सोमवार कुठला?" मी म्हटलं. "हा, का पुढचा?"