चार दिवसांचे झुंगूबाबा

मी एक साप बोलतेय. हे वाचून पाय खुर्चीवर घेतले असतील, तर खुशाल खाली ठेवा. मी साधा तपकिरी घरसाप आहे. मला विष नाही, फणा नाही, आणि फुत्कार म्हणाल तर सर्दी झालेल्या माणसाचा श्वास त्याहून मोठा. आपल्या दोघांत जास्त भित्रं कोण याची स्पर्धा लागली, तर पहिला नंबर माझाच.

माझा जन्म झाडाझुडपात झाला नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या एम्पांगेनी गावच्या बाजारात, टायरवाल्याच्या शेजारी भेकिथेम्बा मावुंडला यांचं सरपटणाऱ्या प्राण्यांचं दुकान होतं. तिथल्या एका प्लास्टिकच्या डब्यात, ओल्या भुशात मी अंडं फोडून बाहेर आले. जग पहिल्यांदा दिसलं ते दुधी रंगाचं आणि चौकोनी. मालकांनी डब्यावर चिकटपट्टी लावली आणि तिच्यावर तारीख, वजन आणि ‘मादी’ एवढं लिहिलं. मालकांचं अक्षर सुबक आहे.

जेवण दर दहा दिवसांनी. बर्फाच्या पेटीतला उंदीर कोमट पाण्यात भिजवायचा आणि चिमट्यात धरून माझ्यापुढे हलवायचा. उंदराला चिमटा जोडलेलाच असतो, अशी माझी कित्येक वर्षं समजूत होती.

दुसऱ्या हिवाळ्यात डब्याखालची ऊब देणारी पाटी बिघडली आणि भलतीच तापली. माझी डावी कूस भाजली. मालकांनी महिनाभर न चुकता मलम लावलं, वहीत रोज जखमेची लांबी लिहिली. जखम भरली, पण अंगठ्याएवढा पांढुरका डाग राहिला. डागाळलेला साप कोण घेणार? त्यामुळे माझी भावंडं एकेक करून गेली आणि मी उरले.

उरल्यामुळे मला माणसं पाहायला मिळाली. एका बाईंना दिवाणखान्याच्या पडद्याला शोभेल असा सरडा हवा होता. एका गृहस्थांनी अजगर नेला आणि ‘हा फार वाढतो हो’ म्हणत तीन महिन्यांनी बिअरच्या पेटीतून परत आणला. मालक प्रत्येकाला समजावत बसायचे. हा किती जगतो, काय खातो, तुमच्या घरी का जगणार नाही, सगळं. ऐकून गिऱ्हाईक खूश व्हायचं, दोन्ही हातांनी हात मिळवायचं आणि काही न घेता निघून जायचं.

एक दिवस त्यांची बायको झिबुयिले डबा घेऊन आली. बाहेर पडणारं गिऱ्हाईक हसत होतं, गल्ला तसाच होता.

“घेतलं का काही त्यानं?”

“नाही. पण त्याला सगळं नीट समजलं.”

“मावुंडला, लोकांना तुमची जनावरं नकोत. तुमचं बोलणं हवंय. मग तेच विका की! फुकट कशाला देता?”

मालकांनी दोन दिवस वहीत हिशेब मांडला. तिसऱ्या दिवशी त्यांनी दुकान विकायला काढलं. अजगर प्राणिसंग्रहालयात गेले, सरडे एका पारखी माणसाकडे. मागे उरलो आम्ही तिघं. एक कासव, एक जाडी पाल आणि मी. पाल हात लावला की शेपूट टाकायची, कासव लघवी करायचं. मुलांच्या हातात देण्याजोगी मी एकटीच.

असा आमचा शाळाशाळांतून खेळ सुरू झाला. मालकांनी हिरवा शर्ट शिवला. पहिला खेळ साखर कारखान्यामागच्या वस्तीतल्या शाळेत, सोमवारी. मालक रंगात आले. “आपले आजी-आजोबा काय म्हणतात? साप घरात आला म्हणजे मेलेला पूर्वज आला! आता हिच्याकडे पाहा. ही काय कुणाचा आजोबा आहे?” मुलं खदखदून हसली. हशानं मालक आणखी खुलले, बोलत राहिले, आणि त्या भरात माझ्या पेटीची कडी लावायची राहिली.

मी काही पळून गेले नाही. दार उघडं होतं, बाहेर ऊन होतं, मी निघाले. कुंपणापलीकडे एक गोल झोपडी होती. आत गार अंधार. सगळ्यात मागे, पूर्वजांसाठी राखलेल्या जागी, मडकी मांडलेली होती. त्यांच्यामागे मी वेटोळं घातलं. जागा छान होती. कुणाची आहे, हे मी विचारलं नाही.

ती माचेले नावाच्या विधवेची झोपडी होती. संध्याकाळी ती मडकं घ्यायला वाकली आणि तिनं मला पाहिलं. आता काठी येणार, असं वाटून मी अंग आवळलं. ती हळूच मागे सरली, खाली बसली आणि शेजारणीला हाक मारली.

“नोमुसा, इकडे ये गं. ओरडू नकोस. हे बघ कोण आलंय.”

“अगं बाई, साप!”

“साप काय म्हणतेस? पळाला का मला बघून? मान तरी उचलली का? आणि डावी कूस बघ.”

नोमुसानं दिवा पुढे धरला. “झुंगूबाबांना त्या लांबच्या साखरगिरणीत पाक सांडून भाजलं होतं, तिथंच की गं!”

“तिथंच.” माचेलेनं दोन्ही हात हळू वाजवले आणि नवऱ्याला, म्हणजे त्याच झुंगूबाबांना, कुळाच्या नावानं हाक घातली. “मान्झिनी! आलात. सहा वर्षं लावलीत.”

तेवढ्यात एक जिवंत उंदीर माझ्या नाकासमोरून धावत गेला. चिमटा नसलेला उंदीर मी जन्मात पाहिला नव्हता. मी घाबरून मागे सरले.

“बघ, उंदराला तोंड लावलं नाही,” माचेले म्हणाली. “साप असता तर सोडला असता?” नोमुसानं दिवा खाली ठेवला आणि हात जोडले. याचं उत्तर माझ्याकडे होतं, पण मला कोण विचारतंय!

त्या रात्रीपासून माझ्यापुढे ज्वारीच्या बिअरची वाटी आली. सुवासिक पाल्याचा धूर झाला. मला शिंक येत नाही हे बरं. गल्लीतली माणसं येऊन दाराशी टोपी काढून जात. एका म्हाताऱ्यानं तर झुंगूबाबांनी नेलेलं फावडं परत मागितलं.

माचेले रोज मक्याच्या पिठाचं फुथु शिजवता शिजवता माझ्याशी बोलायची. आधी नुसती तक्रार. छप्पर गळतं, धाकट्या दिरानं गाय परस्पर नेली. तिसऱ्या दिवशी तिनं डाव खाली ठेवला. “तुम्ही आजारी आहात असा निरोप आला ना, तेव्हा मी लगेच निघाले नाही. आधीच्या महिन्यात तुम्ही आला नव्हतात म्हणून मी रुसले होते. म्हटलं, बघू दे एक दिवस वाट. तेवढ्यात तुम्ही गेलात. रुसले होते, एवढंच. बाकी काही नव्हतं मनात.”

मला पापण्या नाहीत. नजर दुसरीकडे वळवायचं सौजन्य मला दाखवता येत नाही. मी तिच्याकडे पाहत राहिले. तेवढं तिला पुरलं असावं.

इकडे मालकांची झोप उडाली होती. शाळेत आणलेला साप हरवला, असं कबूल केलं तर कुठलीच शाळा त्यांना पुन्हा दारात उभं करणार नव्हती. शुक्रवारी दुपारी एम्पांगेनीच्या सभागृहात खेळ होता, आणि तो पाहायला अकरा शाळांचे मुख्याध्यापक येणार होते. दुकान तर विकून झालेलं. शुक्रवारी सकाळी शाळेच्या स्वयंपाकिणीनं त्यांना सहज सांगितलं, “पलीकडे झुंगूबाबा घरी आलेत, कळलं का? भाजल्याचा डागसुद्धा तसाच.”

मालक धावतच आले. झोपडीत शिरले, मला पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. मग त्यांनी माचेलेला पाहिलं, बाहेर जमलेली गल्ली पाहिली, आणि आपणच सोमवारी काय बोललो ते त्यांना आठवलं. ते गुडघ्यांवर बसले.

“आई, मी खोटं बोलणार नाही. हा साप माझ्या दुकानात वाढलाय. तो डाग माझ्या हलगर्जीपणाचा आहे.”

“तुझ्याकडे वाढले असतील. इकडे यायची वाट कुठूनही असते,” माचेले शांतपणे म्हणाली. “पण तुला ते कशाला हवेत?”

“आज दुपारी काम आहे, आई. त्यांच्याशिवाय होणार नाही.”

‘काम’ हा शब्द ऐकून तिनं दाराकडे पाहिलं. “गिरणीतून महिन्याकाठी चारच दिवस यायचे. पाचव्या दिवशी दाराकडे बघत बसायचे. आज पाचवा दिवस आहे. कामावर जायचं तर जाऊ देत. पण नेशील ते रीतीनं ने. पूर्वजांना वाट दाखवत नेतात ती फांदी घे. वाटेत दुसऱ्या कुणाशी बोलायचं नाही. फक्त यांच्याशी, कुठून कुठं चाललोय ते सांगत. आणि मी येणार. त्यांची गिरणी मला कधी पाहायला मिळाली नाही. हे काम तरी बघते.”

बोरीच्या जातीची काटेरी फांदी एका हातात, मी दुसऱ्या हातात, असे मालक टॅक्सीत चढले. दोन बोटं दाखवून त्यांनी माझ्यासाठी वेगळी जागा घेतली.

“काय मावुंडला, आज तोंडाला कुलूप?” ड्रायव्हर म्हणाला. “बायकोनं लावलं का?” मग त्याला फांदी दिसली. त्यानं टोपी काढली आणि रेडिओ बंद केला.

“बाबा, आता आपण पुलावरून चाललोय,” मालक मला हळूच म्हणाले. “बाबा, हा उसाचा मळा. आता डावीकडे वळतोय.” इतक्या वर्षांत ते माझ्याविषयी हजारो माणसांशी बोलले होते. माझ्याशी बोलण्याची ही पहिलीच वेळ. आवाज चांगला आहे त्यांचा.

सभागृह भरलं. मागे नोमुसा आणि टॅक्सीचा ड्रायव्हरही येऊन बसले. माचेले पहिल्या रांगेत, नवी ओढणी खांद्यांवर घेऊन बसली. मालकांनी पूर्वजांवरचा तो विनोद केला नाही. खेळ चांगला झाला. शेवटी एका मुख्याध्यापिकेनं चष्मा सावरत विचारलं, “हा नर आहे की मादी?”

मालक थांबले. ‘नर’ म्हणाले असते तर कुणी तपासायला येणार नव्हतं. पण खेळाच्या सुरुवातीला त्यांनीच सांगितलं होतं, काहीही विचारा, खरं तेच सांगीन. त्यांनी माचेलेकडे पाहिलं. तळहाताला घाम सुटला, तो माझ्या पोटाला लागला.

“मादी,” ते म्हणाले.

माचेले उभी राहिली.  मला वाटलं, संपलं. अकरा शाळा, हिरवा शर्ट, सगळं.

“मादी?” तिनं माझ्याकडे नीट निरखून पाहिलं. “अगं बाई! मग या माझ्या सासूबाई! तरीच चार दिवस माझ्या स्वयंपाकाकडे टक लावून बसल्या होत्या.”

“आणि तो डाग गं?” मागून नोमुसा ओरडली.

“मुलाला आईचंच सगळं येतं. हट्ट आला, डाग नाही येणार?”

मुलं, मास्तर, ड्रायव्हर, सगळे हसत सुटले. मालक टेबलाला धरून हसले, डोळे पुसून परत हसले. मुख्याध्यापकांनी आपापल्या शाळांच्या तारखा त्यांच्या वहीत लिहून दिल्या.

गर्दी पांगल्यावर माचेले माझ्या पेटीशी आली. आता ती हसत नव्हती. रीत म्हणून तिनं नजर खाली ठेवली. सुनेनं सासूकडे सरळ पाहायचं नसतं.

“सासूबाई, ते रुसण्याचं मी तुमच्यापाशी बोलून गेले. मला वाटलं, तेच आहेत. आता तुम्ही ऐकलंच आहे, तर त्यांना सांगाल? तुमचं ते ऐकायचे.”

आज माझं वय अकरा वर्षं आहे. कात पूर्वीसारखी सहज निघत नाही. मालक आठवड्यातून तीन शाळा करतात. पूर्वजांविषयी मुलांनी विचारलं की म्हणतात, “माझ्या हातात ही घरसाप आहे. तुमच्या घरी ती कोण आहे, ते आजीला विचारा.” कासव अजूनही लघवी करतं.

झुंगूबाबांना मी कधी भेटले नाही. कुठं भेटतात, तेही मला माहीत नाही. पण निरोप मी जपून ठेवलाय, शब्द न् शब्द. तुमच्या घरात माझी एखादी बहीण शिरली, तर काठीकडे धावण्याआधी दोन पावलं मागे व्हा आणि क्षणभर थांबा. मनात कुणासाठी काही राहून गेलं असेल, तर बोलून टाका. आम्ही मध्ये बोलत नाही.