फेब्रुवारीची गाडी

मी एक जुनी पुस्तकांची गाडी आहे. अमेरिकेत टेनेसीतल्या आमच्या काळ्या लोकांच्या वस्तीतून हायवे गेला तेव्हा टॅलो स्ट्रीटवरचं चर्च पाडलं. त्या चर्चच्या बाकांच्या फळ्यांतून चर्चची कामं बघणाऱ्या डीकन रूफसने मला घडवलं. चार चाकांपैकी एक जन्मापासून किंचाळतं. ते वाजलं की वाचनालयातली पोरं म्हणत, "आलं मिस अर्लीनचं डुक्कर."

मिस अर्लीन म्हणजे आमच्या ग्रंथपाल. माझ्यावर काळ्या माणसांनी लिहिलेली पुस्तकं, खालच्या कप्प्यात प्रोजेक्टर आणि फिल्मचे डबे. बाराही महिने त्या मला फिरवत, आणि दर शनिवारी फिल्म दाखवत.

मित्रांनो, त्यातली एक फिल्म हायवेच्या आधीच्या टॅलो स्ट्रीटची होती. न्हाव्याचं दुकान, चर्चबाहेरची गर्दी आणि कॅमेऱ्याकडे बघून टोपी उचलणारा एक तरुण. तीनच सेकंद. त्याच रस्त्यावर वाढलेल्या मिस व्हर्नेल पहिल्या खुर्चीतून दर वेळी सांगत, "आला बघा माझा भाऊ हॉलिस. टोपी मात्र बाबांची, विचारल्याशिवाय घेतलेली."

हॉलिस कोरियाच्या लढाईतून परतला नाही. त्याचे फोटो हायवेसाठी पाडलेल्या घराबरोबर गेले. उरले ते हे तीन सेकंद. फिल्मच्या डब्यावर नावं कुणीच लिहिली नव्हती. सगळ्यांना ठाऊकच होती, लिहायची कशाला?

मिस अर्लीन वारल्या. टॅलो स्ट्रीटची बाकीची माणसंही एकेक करून गेली. मग वरून हुकूम आला की देशभर फेब्रुवारी हा काळ्यांच्या इतिहासाचा महिना पाळतात, तेव्हा गाडीही तेवढाच महिना काढायची, आणि माझ्यावर चिठ्ठी लागली: 'काळ्यांचा इतिहास – फेब्रुवारी'. एक मार्चला मला कोठीत ढकललं. दाराआडून मला सगळं ऐकू यायचं.

एप्रिलमध्ये मिस व्हर्नेल काठी टेकत आल्या.

"पोरी, डुक्कर कुठाय?"

काउंटरवरची मोनीक गोंधळली. मग हसली. "गाडी होय? ती फेब्रुवारीत निघते, मॅम."

"का गं, मार्चपासून आपण काळे नसतो वाटतं?"

"माझ्या हातात नाही, मॅम."

"बरं, निदान एक नाव लिहून घे. फिल्ममध्ये टोपी उचलतो ना, त्याचं. आता मीच एकटी उरलेय सांगायला."

"फिल्म लावली की तुम्ही दाखवा, मी तिथंच लिहून घेते. नीट होईल. फेब्रुवारीत या."

"येते बाई. तोवर देवाने थांबायला हवं."

ऑक्टोबरमध्ये त्या पुन्हा येऊन गेल्या. उत्तर तेच मिळालं.

फेब्रुवारीत मोनीकने मला पुसलं, फिल्म लावली आणि कोरी वही घेऊन पहिल्या खुर्चीशेजारी बसली. खुर्ची रिकामीच राहिली. नाताळाआधीच मिस व्हर्नेलना पुरलं होतं, हे तिला तिथं कुणीतरी सांगितलं. पडद्यावर तरुणाने टोपी उचलली. "हा कोण?" तिने सगळ्यांना विचारलं. कुणालाच माहीत नव्हतं.

त्या एक मार्चला तिने मला कोठीत नेलं नाही. चिठ्ठी खरवडून काढली. आता मी बाराही महिने फिरते, पण वहीतलं ते पान कोरंच आहे. मला नाव ठाऊक आहे, पण मला फक्त किंचाळता येतं.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी फोटोवर बोट ठेवून नाव सांगत असेल, तर तेव्हाच लिहून घ्या. आणि त्याचं नाव हॉलिस होतं. तुम्ही तरी लक्षात ठेवा.