जागा रिकामी राहत नाही

शोळिंगनल्लूरच्या त्या ऑफिसात सर्व्हरवर नजर ठेवायला तिघं होती: सोलापूरहून आलेला उन्मेष, तंजावर मराठी घरातली विद्यालक्ष्मी आणि वेंकट. तिघांचेही संगणक इतके जुने, की एक खिडकी उघडली की दुसरी रुसायची. सगळ्यात जास्त हाल विद्यालक्ष्मीचे. पन्नाशी ओलांडलेली बाई, कपाळाला हात लावून बसायची. उन्मेष या परक्या गावात आला तेव्हा डब्यातला अर्धा सांबारभात त्याच्यापुढे सरकवणारी हीच. तो तिला अक्का म्हणायचा.

अक्कासाठी गड्याने चंग बांधला. लिनक्सवर खिडक्या फरशांसारख्या शेजारीशेजारी मांडणारे हलके विंडो मॅनेजर असतात. त्यातले तीन त्याने महिनाभर वापरून पाहिले. डीडब्ल्यूएम मेमरी सगळ्यात कमी खायचा, पण एवढासा बदल हवा तरी सगळा प्रोग्राम पुन्हा कंपाइल करून बांधा. बीएसपीडब्ल्यूएमला कीबोर्डच्या शॉर्टकटसाठी वेगळा प्रोग्राम लागायचा. आयथ्री किंचित जड, पण एका साध्या फाइलवर चालणारा. त्याने आयथ्री बसवला. अक्काने दोन दिवसांत माउस बाजूला ठेवला.

"अय्यो, काय धांवतें रे हें!" ती म्हणाली.

एवढ्यावर थांबला असता तर! पण पठ्ठ्याने तुलनेचा तक्ता करून मॅनेजर कृष्णकांतांपुढे ठेवला. तिथेच माती खाल्ली.

"सर, एकही खिडकी दुसरीमागे लपत नाही. बाराच्या बारा सर्व्हर एकाच माणसाला दिसतात. एक खिडकी बंद केली, की उरलेल्या आपोआप पसरतात. जागा रिकामी राहत नाही."

"एकाच माणसाला?" कृष्णकांतांनी तेवढंच विचारलं.

महिनाअखेरीस वेंकट आणि विद्यालक्ष्मीच्या हातात नारळ पडला. उन्मेषला सगळ्यांसमोर शाबासकी.

"अक्का, मी तुमच्यासाठीच..." उन्मेष तिच्या टेबलाशी येऊन म्हणाला.

"ठाऊक आहे रे." डबा पिशवीत कोंबत ती म्हणाली, "दाखवायच्या आधी मला विचारलें असतेंस, तर सांगितलें असतें. तीस वर्षं नोकरी केली मी. साहेबांना असलें दाखवूं नये." त्याच्याकडे न बघताच ती गेली.

संध्याकाळी तिचं खातं बंद झालं. उन्मेषच्या पडद्यावर कोपऱ्यात तिच्याशी गप्पांची छोटी खिडकी अजून उघडीच होती. शेवटचा निरोप मागच्या आठवड्यातला: 'जेवलास का?' त्याने शॉर्टकट दाबून ती बंद केली. शेजारच्या खिडक्या क्षणात पसरल्या आणि कोपरा भरून गेला. त्याला स्वतःचीच शिसारी आली. तक्त्यात हाच गुण त्याने ठळक अक्षरांत लिहिला होता.